चूक कोणी शोधली

ताई,

आज माझ्या वर्गातल्या मुलांनी आपापला पहिला प्रोग्राम सगळ्यांना दाखवला. सर्वांत लहान मुलीने फाईलच्या अगदी वर लिहिलं होतं, "चूक आजोबांनी शोधली."

"मॅडम, ही ओळ कॉम्प्युटर वाचत नाही ना?" तिने विचारलं.

"नाही. ती माणसांसाठी असते," मी म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले.

माझा पहिला प्रोग्राम पाढे विचारायचा, आठवतं? उत्तर बरोबर दिलं तरी तोच प्रश्न पुन्हा यायचा. दोन दिवस मी डोकं धरून बसले होते. तू इस्त्री करता करता म्हणालीस, "अगं शहाणे, पुढचा प्रश्न घे, असं सांगितलंयस का त्याला?" सांगितलं नव्हतं. एक ओळ घातली आणि तो चालला.

शाळेच्या प्रदर्शनात बाईंनी विचारलं, "कुणाची मदत घेतलीस?" मी म्हटलं, "कुणाचीच नाही." तू माझं दप्तर धरून मागेच उभी होतीस. घरी आल्यावर आईला तूच सांगितलंस, "एकटीने केलं हिने!"

त्यानंतर तू माझ्या कॉम्प्युटरमध्ये कधी डोकावली नाहीस. मीही बोलावलं नाही.

आज ती जुनी फाईल उघडली आणि वर लिहिलं, "चूक ताईने शोधली." प्रोग्राम चालवून पाहिला. काहीही बिघडलं नाही.

हे पत्र मी पाठवणार नाही; मला असलं बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. फाईल मात्र पाठवते आहे.

तुझी,
शहाणी