डावा खांदा आणि देवीचा खण

धारूर, श्रावण वद्य पंचमी, संध्याकाळ

पुण्याहून अक्काचं पाकीट आलं. झंपराचा कागदी बेत, म्हणजे कापायचा नमुना, एक, सहा आणे इंग्रजी कलदार, म्हणजे आपल्या निजामी हालीत सात. टाचण्यांची पुडी, एक आणा. टाचण्या कशाला मागवल्या मी? बाभळीचे काटे काय वाईट होते!

बेत अर्ध्याच अंगाचा आहे. कापडाची दुहेरी घडी घालून कापायचं, की दोन्ही बाजू सारख्या. पण योगेश्वरीच्या प्रसादाचा खण एकच. चुकला तर दुसरा कुठून आणू? म्हणून आधी जुन्या धोतराचा झंपर बेतला, टाचून अंगावर चढवला. उजवीकडे नेटका बसला, डाव्या खांद्यावर मात्र फुगवटा.

सासूबाई हसायलाच लागल्या. "अगं, तुजा डावा खांदा उतरलाय. घागरीनं. कवाधरनं बघतेय मी."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगून वर येनार हाय व्हय?"

खांद्यावर कापूस भरावा, असं क्षणभर मनात आलं. पण देवीच्या खणाचा झंपर, आणि आत खोटा खांदा? नको. डावी बाजू निराळी बेतेन, बोटभर उतरती. मघाशी आरशात पुन्हा पाहिला खांदा. वाईट नाही दिसत.

अक्काला सकाळीच लिहायचं: दोन बाजू निराळ्या कापल्या तर गळा वाकडा होतो का? गौरी जवळ आल्या, उलट टपाली कळव. माहेरच्या आडाचं पाणी तूही भरलंस. तुझा खांदा कसा आहे, तेही लिही.