बिनअपघाती पाळीचा कुकर

शनिवार, दिग्रस

कापसाच्या जिनिंगमधी आज दुसऱ्या पाळीच्या बायांले कुकर भेटले. हंगामभर एकही अपघात नाही, म्हणून बक्षीस. आमची पाळी हुकली ते माह्यापायी. मशीनच्या पट्ट्यात बोट चिमटलं तं मी मोठी शहाणी, अपघाताच्या वहीत लिहाले लावलं. पट्ट्यावर जाळी बसवा म्हटलं, तं मालक म्हणे महाग पडते. कुकर स्वस्त पडले वाटते.

शेजारची शोभा दुसऱ्या पाळीतली. तिच्या कुकरच्या शिट्ट्या इथपर्यंत येऊन राह्यल्या. जीव जळते, खोटं कायले लिहू? मघाशी कुकर दाखवाले आली तं एक हात पदराखाली. झाकण लावताना पदर सरकला. अंगठ्याची हळदीची चिंधी सुटलेली, अन् नखच नाही.

"काय झालं वं?"

"घरी भाजी चिरताना इळा लागला."

इळ्यानं नख उखडते का? पट्ट्यानं उखडते. मले तिची कीव याले पाह्यजे होती. आली का? नाही. मनात आलं, हे मले काहून नाही सुचलं?

पुन्हा शिट्टी झाली. आता डाळीचा वासबी येऊन राह्यला.

पुढच्या हंगामात पाहू. पदर तं मलेबी हाय.