नारळ तूच फोडायचा

सातपूर, नाशिक
१२ फेब्रुवारी १९७९

तीर्थरूप आईस, निवृत्तीचा नमस्कार.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होते. कारखान्यांच्या फाटकांवर "जागा नाही" ऐकून कंटाळलो. आता भाड्याच्या शेडमध्ये स्वतःचे वेल्डिंग सुरू करतो आहे. खिडक्यांच्या जाळ्यांचे पहिले काम मिळाले आहे.

आपल्या धाकट्या सिंधूने कळवले, नाना गेल्यापासून तू कुणाच्या शुभकार्यात पुढे होत नाहीस. इथला नारळ मात्र तूच फोडायचा.

शेडमालक रंगनाथभाऊ म्हणाले, "अरे, आईच्या हातून? लोक काय म्हणतील?"

मी म्हटले, "भाऊ, लोकांनी नोकरी दिली नाही, आता मुहूर्तही त्यांनाच विचारू?" ते हसले.

तुझा गुडघा कसा आहे? रविवारी सकाळच्या एसटीने ये, मी स्टँडवर असेन. तू येईपर्यंत काम सुरू करणार नाही. वाटल्यास डोक्यावरून पदर घे, पण मागे उभी राहू नकोस.

तुझा,
निवृत्ती