अर्ध्या पुस्तकाची पोच

आदरणीय ताई,

तुमच्या भावाच्या, म्हणजे आमच्या सुतळीच्या, शेजारच्या टेबलावरून नमस्कार. गुडघा कसा आहे? (परवा जिना उतरताना तुम्ही गुडघ्याला जे काही बोललात, ते मी ऐकलेलं नाही.) मी ठीक आहे. शोकसभेत मी गप्प बसलो अशी तुमची तक्रार कानावर आली. ताई, बोललो की! "सुतळी बाइंडिंगची खळ चांगली शिजवायचा," म्हणालो आणि बसलो. घरून तीन पानं लिहून नेली होती, उभा राहिल्यावर तेवढंच आठवलं.

तुम्ही पाठवलेलं सुतळीचं पुडकं मिळालं. आत पुस्तक अर्धंच कसं, असं तुम्ही विचारलंय. उरलेलं अर्धं माझ्याकडे आहे. अकरा वर्षांपूर्वी वाचनालयाने ती कादंबरी रद्दीत काढली आणि आम्हा दोघांनाही ती त्याच दिवशी वाचायची होती. बाइंडर दोन, पुस्तक एक. सुतळीने शिवण उसवली, मधोमध दोन भाग केले आणि थोरला म्हणून पहिला भाग स्वतः घेतला. आठवड्याने अदलाबदल करायची ठरली होती, पण "आधी तू दे" यावर जे अडलं ते अडलंच.

गोष्ट एका गोऱ्या पोराची आणि मालकिणीकडून पळालेल्या काळ्या गुलामाची. दोघं तराफ्यावरून नदीने निघतात. (हे सुतळीकडून कळलं. माझ्या वाट्याला तराफा फारसा आलाच नाही.) माझ्या भागात तो माणूस एका खोपटात कोंडलेला. सरळ कडी काढायची, तर दोन पोरं त्याची सुटका ऐटीत व्हावी म्हणून त्यालाच दिवसेंदिवस ताटकळत ठेवतात. ते वाचताना मी इतका चिडलो, की चुलीवरची खळ करपली. सुतळी रोज डबा उघडताना विचारायचा, "सुटतो का रे तो?" मी म्हणायचो, "पहिला भाग दे, सांगतो."

दवाखान्यातही त्याने तेच विचारलं. मी म्हणालो, "बरा होऊन ये, मग सांगतो." ताई, एक शब्द सांगायला माझं काय जात होतं? तेव्हापासून घास गिळताना तेच आठवतं.

काल पहिला भाग वाचला. तराफ्यावर पहाऱ्याची पाळी पोराची असते, पण तो माणूस त्याला उठवत नाही, त्याचीही पाळी स्वतःच जागून काढतो. माझे डोळे दुखायचे तेव्हा सुतळी माझ्या वाटची शिलाई करून गुपचूप माझ्या ढिगात सरकवायचा. पोरगा त्या माणसासाठी एवढा जीव का टाकतो, ते मला अकरा वर्षांनी कळलं.

तब्येतीला जपा.

तुमचा,
शेजारचं टेबल

ता. क. पहिल्या भागाचा पुठ्ठा सुटत होता म्हणून उचकटला. आत खळीने चिकटवलेला कागद निघाला. माझ्या भागाचं शेवटचं पान, पेन्सिलीने जसंच्या तसं उतरवलेलं! (मी चहाला गेलो असताना, दुसरं काय.) तारीख दहा वर्षांपूर्वीची. खाली लिहिलंय, "शेजारच्या टेबलाला कळू देऊ नये." लबाड कुठला! आज दोन घास जास्त जेवलो.

ता. क. २. दोन्ही भाग एकत्र शिवा, असं आता तुम्ही म्हणाल. शिवणार नाही. पहिला भाग परत पाठवतोय, वाचून ठेवा. रविवारी येतो. तो माणूस सुटतो की नाही ते विचारू नका. पेन्सिलीचा कागद मी काढून घेतलाय.