पाच नंबरचा जोड

शनिवार, १२ जानेवारी २००८

अप्पा टिकले! आमची कंपनी ज्यांची दुकानं इंटरनेटवर टाकते, त्यातला हा चपलांचा क्लायंट गेला नाही.

काल फोनवर मीच तडकलो. अप्पा म्हणाले, "इंटरनेटवर दुकान दिसतंय म्हणता, पर एक गिऱ्हाईक आलं न्हाय." मी ओरडलो, "मग करा की बंद!" साहेबांनी ऐकलं. म्हणाले, अप्पा गेले तर तूही जा. कॉलेज आधीच सोडलंय. आता ही नोकरीही?

वाचवलं ऑफिसातल्या वैशालीनं. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढता काढता म्हणाली, "आधी माफी माग. मग अप्पांच्या दुकानात फोनजवळ बस आणि फोन करणाऱ्याला नंबर कुठे मिळाला ते अप्पा विचारतात का बघ."

अप्पांनी कधी विचारलंच नव्हतं! आज मी माफी मागून फोनजवळ बसलो, तेव्हा माझ्यासमोर विचारलं. पहिला फोन घरच्या पावण्यांचा. दुसरा नागपूरचा, लग्नासाठी बारा जोड हवे होते. "नंबर कुठनं गावला?" आणि अप्पा माझ्याकडे बघतच राहिले. "इंटरनेटवर म्हणतोय की रं!" तिसराही तसाच.

"चालू ठेव," अप्पा म्हणाले. "डोकं कुणाचं हे?"

माझं, म्हणणार होतो. पण खरं बोललो. "आमच्या ऑफिसातल्या वैशालीचं."

"मग एक जोड तिला माझ्याकडनं. माप घिऊन ये."

"पाच नंबर."

अप्पांनी चष्मा वर केला. "तुला रं कसं ठाऊक?"

रोज दाराबाहेर बघतो ना त्या चपला! पण अप्पांना "अंदाजानं" एवढंच म्हणालो. सोमवारी जोड दिला की तीही हेच विचारणार. तिला मात्र सांगणार.