माशांच्या नऊ पायऱ्या

३ मार्च

काम मलाच! ओढ्यातल्या बंधाऱ्याला लागून नऊ पायऱ्या बांधायच्या — माणसांसाठी नाही, माशांसाठी! समुद्रातून अंडी घालायला वर येणारे मासे चाळीस वर्षं त्या भिंतीपाशी डोकं आपटून परत जातात म्हणे. मासेबाई सांगत होत्या. (त्यांचा खरा हुद्दा भलताच लांबलचक आहे. सगळे मासेबाईच म्हणतात.)

घरी सांगितलं तर नवरा हसून लोळला. "चपला खाली काढून चढणार का?" सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "अगं, मी नवी होते तेव्हा धुणं धुवायला ओढ्यात उभं राहिलं की पायाला गुदगुल्या व्हायच्या. इतके मासे!"

२१ मार्च

झालं बांधून. गिलावा असा गुळगुळीत की त्यात तोंड बघावं. वीस वर्षं गवंडीकाम करतेय, पण असा हात कधी लागला नव्हता. इंजिनिअर साहेबांनी बोट फिरवून मान डोलावली. स्वारी खूश!

२ एप्रिल

मासे आले. खाली ही गर्दी. वर एकही नाही.

४ एप्रिल

साहेब मासेबाईंना म्हणाले, "आठवडाभर बघू. नाहीतर बुजवून टाकू." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

जेवणाच्या सुट्टीत पाण्यात उतरले. पायरीवर पाय ठेवला नि सटकन आपटले! बूड शेकून निघालं. पण तिथंच बसल्या बसल्या उमगलं — पाणी माझ्या गिलाव्यावरून सुसाट पळतंय. मला उभं राहता येईना, तिथं वीतभर मासा काय करणार?

मासेबाईंना म्हटलं, "खरबरीत करते. गोटे रोवते, त्यांच्याआड दम खातील."

"साहेबांना विचारलंत?"

"फसलं तर माझ्या नावावर."

५ एप्रिल

फळ्या लावून पाणी अडवलं. दिवसभर छिन्नी. आपलंच देखणं काम टोचून टोचून विद्रूप करायचं — हात उचलेना. तरी नऊच्या नऊ केल्या, गोटेही रोवले. सिमेंट धरेपर्यंत फळ्या तशाच.

९ एप्रिल

चढले! चढले!!

सकाळी फळ्या काढल्या. पहिला मासा तिसऱ्या पायरीत गोट्याआड थांबला, नुसता शेपूट हलवत. मग चौथी. पाचवी. मासेबाईंनी माझं मनगट असं धरलं की वळ उठले. दुपारपर्यंत दोनशे बारा!

साहेब आले, पाण्यात हात घालून पायरीवर बोट फिरवलं. "खरबरीत करायचं कुणाला सुचलं?" मासेबाईंनी माझ्याकडे बोट केलं. मी चिखलानं बरबटलेली, पण मान ताठ!

१२ एप्रिल

सासूबाईंना घेऊन गेले. कठड्याला टेकून तासभर हलल्या नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होत्या, "माझ्या सुनेनं बांधलंय."

घरी येऊन न्हाणीघरात जाऊन रडले.

३० मे

साहेबांचा फोन. "बाई, मासे वाट विसरलेले नाहीत हे तुम्ही दाखवून दिलंत. मग भिंत कशाला ठेवायची?" अख्खा बंधारा पाडायचा ठरलाय — माझ्या पायऱ्यांसकट. पहिला घण मी घालावा म्हणतात.

हो म्हटलं.