तो एक चमचा

बाबा, आज शनिवार आहे आणि मी मनुका उकळत ठेवल्या आहेत. उद्या महिन्याचा पहिला रविवार, चर्चमध्ये प्रभुभोजनाचा; भाकरीबरोबर द्राक्षारसाऐवजी आपला हा मनुकांचा रस. तुम्ही शिकवलंत तसंच करते: काळ्या मनुका आदल्या दिवशी भिजवायच्या, मंद आचेवर शिजवायच्या, पातळ फडक्यातून पिळायच्या. तुमच्यानंतर पाळक तरुण आले, तुमच्या एका मोठ्या पेल्याच्या जागी करोनापासून प्लास्टिकचे चिमुकले पेले आले, उपासना मोबाइलवर दिसते. रस मात्र अजून माझ्याच स्वयंपाकघरातून जातो. नऊ वर्षांची असताना मी त्यात बोट बुडवून चाटलं, तेव्हा तुम्ही "ते काय सरबत हाय?" म्हणून असे ओरडलात की आईच्या हातची पळी पडली. बाप्तिस्म्याशिवाय थेंबही नाही, ही तुमची काळ्या दगडावरची रेघ.

तीन वर्षांपासून बाभुळगावकडची एक बाई दर रविवारी एसटीने येते, शेवटच्या बाकावर बसते. सगळी गीतं तिला तोंडपाठ आहेत. बाप्तिस्मा मात्र घेत नाही. घेतला तर कागदावर धर्म बदलेल, मुलीचं जातीचं सर्टिफिकेट जाईल, आणि मुलगी त्याच सवलतीवर नर्सिंग शिकते आहे. "पोरीचं शिक्षण होऊ द्या बाई, मंग मी पान्यात उतरीन," ती मला म्हणाली. "पन तवरिक देव मले उपाशी ठेवीन काय?" जन्मभर शाळेत प्रश्न विचारले मी, हा तिने मला विचारला. लपवायची ती विश्वासाची कबुली कसली, असं तुम्ही म्हणाला असतात. पण गमवायचं तिच्या मुलीला आहे, आपल्याला काय? गेल्या महिन्यात मी पेल्यांचा ट्रे घेऊन तिच्यापाशी आले तर तिने हात पुढे केला. मी ट्रे तसाच पुढे नेला. तिने हात हळूच पदराखाली घेतला. मला माझाच राग आला, आणि नियम चुकीचा आहे असंही म्हणवेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तेव्हापासून मला लहानपणीचं घाटंजीचं घर आठवतं आहे. शेजारची म्हातारी शेवटच्या घटका मोजते आहे. चर्चची पायरीही न चढलेली बाई ती. उपासनेहून परतताना तुम्ही तिच्या खाटेपाशी बसता, ती काहीतरी मागते, आणि तुम्ही पिशवीतून उरलेल्या रसाची बाटली काढता. डोळे मिटून पुटपुटता, मग चमचा तिच्या तोंडाला लावता. उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला आहे.

"बाबा, तिले रस काहून देला?" मी दारातूनच विचारलं.

"तहान लागलती तिले. चाल घरी."

पुन्हा त्याबद्दल तुम्ही बोलला नाहीत. तुम्ही तिला प्रभुभोजन दिलंत, की नुसती तहान भागवलीत? की त्या वेळी तुम्हालाही ते कळत नव्हतं?

गेल्या रविवारी पाळकांनी मंडळीच्या पंचांना आणि मला बसवून विचारलं, त्या बाईला द्यावं का. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुमच्या वडिलांनी काय केलं असतं?" सगळे माझ्याकडे बघत होते. ती बाहेर पायरीवर चपला घालत होती. मी म्हटलं, "बाबांनी बाप्तिस्म्याशिवाय कोणाला थेंबही दिला नाही." विषय तिथेच मिटला.

रस आता निवला आहे. हा कागद मनुकांच्या डब्याखाली ठेवते, पाठवायचा तरी कुठे. खोटं बोलले मी, बाबा. तुमचं नाव राहावं म्हणून, की तिच्यापाशी ट्रे थांबवायची माझीच हिंमत नव्हती म्हणून, ते मला अजून कळत नाही.